थॉमस अक्वायनस कॉलेजच्या लिबरल आर्ट्स पदवीच्या अटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात सांता पॉला गावाजवळच्या डोंगरात थॉमस अक्वायनस कॉलेज हे छोटं कॅथलिक कॉलेज आहे. त्याच्या पदवीच्या अटी पहिल्यांदा वाचणारा माणूस हमखास गोंधळतो, कारण अमेरिकेतल्या इतर कॉलेजांच्या अटींशी त्या जुळतच नाहीत. अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं, वसई-गोव्याच्या कॅथलिक घरांतली मुलं, आणि महाराष्ट्रात बारावी करून चाकोरीबाहेरचं शिकायची इच्छा असलेली मुलं यांच्यासाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही, ही उत्तरं लिहिली आहेत. हे शिक्षण मला मोलाचं वाटतं. ते सगळ्यांसाठी नाही, हेही तितकंच खरं. म्हणून जिथे अडचण आहे तिथे ती स्पष्ट लिहिली आहे.

अमेरिकेत लिबरल आर्ट्सच्या पदवीसाठी साधारणपणे काय लागतं?

बहुतेक ठिकाणी चार वर्षांत सुमारे १२० क्रेडिट पूर्ण करावी लागतात. त्यांचे ढोबळ तीन भाग असतात: सगळ्यांना समान असलेले विषय, निवडलेला मुख्य विषय म्हणजे मेजर, आणि उरलेल्या जागेत आवडीचे विषय. कॅथलिक कॉलेजांत समान विषयांमध्ये थिऑलॉजी (ईश्वर आणि श्रद्धा यांचा पद्धतशीर अभ्यास) आणि तत्त्वज्ञान बहुतेक वेळा असतंच. काही कॉलेजं क्रेडिटऐवजी विषय मोजतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या होली क्रॉस या १८४३ सालच्या, जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघाच्या कॉलेजात पदवीसाठी ३२ सेमिस्टर-कोर्स लागतात. तिथला विद्यार्थी अर्थशास्त्र मेजर घेतो, समान विषयांच्या रकान्यांत कुठे इतिहास, कुठे विज्ञान, कुठे परकी भाषा भरतो, आणि शेवटी सगळ्या रकान्यांवर खूण झाली की पदवी हातात येते.

मग थॉमस अक्वायनस कॉलेजमध्ये वेगळं काय आहे?

इथे मेजर नाही, मायनर म्हणजे दुय्यम विषय नाही, ऐच्छिक विषयही नाहीत. चार वर्षांचा एकच अभ्यासक्रम आहे आणि तो प्रत्येकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा. पहिल्या वर्षाच्या एका वर्गात यूक्लिडचं जे प्रमेय चाललंय, तेच शेजारच्या वर्गातही चाललेलं असतं. जेवणाच्या टेबलावर कुणीही कुणाशीही त्याबद्दल वाद घालू शकतो, कारण सगळ्यांनी तेच वाचलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांनीही ते वाचलेलं असतं. माझ्या मते या कॉलेजची खरी श्रीमंती हीच आहे. ती माहितीपत्रकात नीटशी दिसत नाही.

चार वर्षांत नेमकं काय शिकावं लागतं?

गणित, प्रयोगशाळा, तत्त्वज्ञान, थिऑलॉजी आणि सेमिनार हे पाच विषय चारही वर्षं असतात. पहिली दोन वर्षं त्यांच्या जोडीला लॅटिन आणि तिसऱ्या वर्षी संगीत. पाठ्यपुस्तकं जवळजवळ नाहीतच. ज्याने विचार पहिल्यांदा मांडला, त्याचंच लिखाण वाचायचं.

गणितात पहिल्या वर्षी यूक्लिड. दुसऱ्या वर्षी अपोलोनियसचे शंकुच्छेद, म्हणजे शंकू कापून मिळणारे लंबवर्तुळासारखे वक्र, आणि टॉलेमी, कोपर्निकस, केपलर यांचं खगोल. तिसऱ्या वर्षी देकार्तची भूमिती आणि न्यूटनच्या वाटेने कलनशास्त्र (कॅल्क्युलस). चौथ्या वर्षी डेडेकिंड आणि लोबाचेव्हस्की.

प्रयोगशाळा सजीवांच्या निरीक्षणापासून सुरू होते. दुसऱ्या वर्षी लाव्हाझिए, डाल्टन, ॲव्होगाड्रो, मेंडेलीव्ह अशा पायऱ्यांनी अणूची कल्पना कशी उभी राहिली ते पाहायचं. तिसऱ्या वर्षी गॅलिलिओ आणि न्यूटन, चौथ्या वर्षी फॅरडे, मॅक्सवेल आणि अखेर आइनस्टाइन.

तत्त्वज्ञानात मुख्य आधार ॲरिस्टॉटलचा: आधी तर्कशास्त्र, मग निसर्ग आणि आत्मा, मग नीती आणि राज्यशास्त्र, शेवटी सत्तामीमांसा (मेटाफिजिक्स). थिऑलॉजीत पहिलं वर्ष बायबल, दुसरं वर्ष संत ऑगस्टीन, अथानेशियस आणि ॲन्सेल्म यांच्यासारखे चर्चचे आचार्य, आणि शेवटची दोन वर्षं संत थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ. कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच पडलंय. १२७४ साली ते वारले तेव्हा तो ग्रंथ अपुराच होता.

सेमिनारमध्ये बाकी सगळं येतं. पहिल्या वर्षी होमर, ग्रीक नाटककार आणि प्लेटो, दुसऱ्या वर्षी व्हर्जिल ते दांते, तिसऱ्या वर्षी सर्व्हांटिस, शेक्सपियर, हॉब्ज, लॉक आणि अमेरिकेच्या स्थापनेची कागदपत्रं, चौथ्या वर्षी टॉलस्टॉय, दस्तयेव्हस्की, मार्क्स, नीत्शे, फ्रॉइड. कॅथलिक कॉलेजात मार्क्स आणि नीत्शे कसे, असं पालक दबक्या आवाजात विचारतात. ते मुद्दाम ठेवले आहेत. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं आधी त्याच्याच शब्दांत नीट ऐकून घ्यायचं, ही पद्धत स्वतः अक्वायनस यांची. ‘सुम्मा’मधल्या प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधी युक्तिवादांनी होते.

मेजर नाही, तर पदवीवर काय लिहिलेलं असतं?

बॅचलर ऑफ आर्ट्स, विषय लिबरल आर्ट्स. सगळ्यांच्या पदवीवर हेच.

आर्ट्सला जाऊन चार वर्षं गणित? आमच्या मुलीने दहावीनंतर गणित सोडलंय.

हा धक्का महाराष्ट्रातल्या पालकांना हमखास बसतो. आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडताना ‘गणिताची भीती म्हणून आर्ट्स’ हा हिशोब घराघरांत चालतो. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांच्या परंपरेत हा हिशोब बसतच नाही. तिथे लिबरल आर्ट्स म्हणजे सात विद्या मानल्या होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चार. म्हणजे सातांतल्या निम्म्याहून जास्त गणिताच्या घरातल्या. ही परंपरा पाळायची तर गणित टाळता येत नाही.

पण घाबरण्याआधी इथलं गणित कसं शिकवतात ते समजून घ्या. आकडेमोड आणि सूत्रांची घोकंपट्टी इथे फारशी नाही. यूक्लिडच्या पहिल्या पुस्तकात ४८ प्रमेयं आहेत. पहिल्यात दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढायचा, ४७ व्यात आपण पायथागोरसचं म्हणून ओळखतो ते प्रमेय. विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहून, हातात पुस्तक न घेता, प्रमेय पायरीपायरीने सिद्ध करून दाखवतो. बाकीचे मध्येच थांबवतात: ‘ही पायरी कशावरून?’ एसएससी बोर्डाच्या भूमितीच्या पेपरात पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहिलेल्या मुलांना हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की तिथे पाठ केलेली सिद्धता गुण देऊन जायची. इथे पाठ केलेलं पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आणि हे सगळं कुठे पोचतं ते पाहा. यूक्लिड सुरुवातीलाच समांतर रेषांबद्दल पाचवं गृहीतक मांडतो आणि पहिल्या वर्षी आपण ते मान्य करून पुढे जातो. चौथ्या वर्षी लोबाचेव्हस्की दाखवतो की ते गृहीतक सोडून दिलं तरी सुसंगत भूमिती उभी राहते. अठराव्या वर्षी ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, त्याचा तळ बाविसाव्या वर्षी तपासायला मिळतो. असं गणित आर्ट्सच्या मुलीला जमतं का? जमतं. मात्र दहावीपर्यंतचं बीजगणित आणि भूमिती पक्कं हवं. ते कच्चं असेल तर जाण्याआधी एक उन्हाळा त्यासाठी राखून ठेवा.

पृथ्वी स्थिर मानणारा टॉलेमी आज कशाला वाचायचा? चुकलेलंच आहे ना ते?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं आपण सगळेच म्हणतो. कशावरून, असं कुणी विचारलं की बहुतेकांची बोलती बंद होते. टॉलेमीने ग्रहांची वक्री (मध्येच उलटी दिसणारी) चाल वर्तुळांवर वर्तुळं रचून समजावली, आणि ती मांडणी आकाशात दिसणाऱ्या गोष्टींशी बऱ्यापैकी जुळत होती. तिच्या सगळ्या आकृत्या स्वतः काढल्यावरच कोपर्निकसने नेमकं काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे कळतं. त्यानेही वर्तुळं सोडली नव्हती. लंबवर्तुळ केपलरने आणलं. ते लंबवर्तुळ म्हणजे काय, हे त्याच वर्षी अपोलोनियसकडे शिकलेलं असतं. पुढच्या वर्षी न्यूटन त्याच वक्रांच्या आधाराने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडतो.

या पदवीच्या अटी समजून घेण्याची किल्ली इथे आहे. प्रत्येक अट मागच्या अटीवर उभी आहे. अपोलोनियस गाळला तर केपलर अर्धवट राहतो, केपलर गाळला तर न्यूटन परका होतो. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र आणि निसर्गविचार न करता तिसऱ्या वर्षी ‘सुम्मा’ उघडली तर पहिल्याच पानावर अडखळायला होतं. ऐच्छिक विषय न ठेवण्यामागचं कारण हेच आहे.

आधी दुसऱ्या कॉलेजात एक-दोन वर्षं झाली आहेत. ती क्रेडिट धरतात का?

नाही. सगळे पहिल्या वर्षापासूनच सुरू करतात, आधी कितीही शिकलेलं असो. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पूर्ण केलेल्यालाही हाच नियम. कारण वरच्या उत्तरात आलंच आहे.

लॅटिनचा गंधही नाही. चालेल?

चालेल. शून्यापासून शिकवतात आणि दोन वर्षं शिकवतात. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर मोठाच आधार मिळेल. शब्दाची विभक्ती पाहून वाक्यातलं त्याचं काम ओळखायचं, क्रियापदाच्या शेवटावरून पुरुष आणि वचन ओळखायचं, ही सवय आधीच लागलेली असते. ‘देव’ चालवलेल्या मुलाला लॅटिनचे नामांचे तक्ते भयंकर वाटत नाहीत. अमेरिकन शाळेतून आलेल्या मित्राला मात्र विभक्ती ही कल्पनाच नवी असते.

लेक्चर नाहीत असं ऐकलं. मग वर्ग चालतो कसा?

एका टेबलाभोवती साधारण पंधरा ते वीस विद्यार्थी आणि एक शिक्षक. शिक्षकाला इथे ट्यूटर म्हणतात, प्राध्यापक म्हणत नाहीत, कारण खरा शिक्षक समोरचं पुस्तक आहे असं कॉलेज मानतं. ट्यूटर पहिला प्रश्न टाकतो आणि चर्चा विद्यार्थ्यांनी चालवायची. वर्गात एकमेकांना मिस्टर अमुक, मिस तमुक अशी आडनावाने हाक मारतात. वाद कितीही तापला तरी या औपचारिकपणामुळे तो व्यक्तीवर घसरत नाही. सेमिनार आठवड्यातून दोन संध्याकाळी असतो आणि तो दोन तासांच्या आसपास चालतो.

आपल्या मुलांसाठी यात एक अडचण आहे आणि ती खरी आहे. शिक्षकांसमोर गप्प बसणं म्हणजे आदर, असं आपण वाढवतो. मोठ्यांचं म्हणणं भर वर्गात खोडणं उद्धटपणा वाटतो. इथे गप्प बसणारा विद्यार्थी मागे पडतो आणि त्याच्या मौनाची चर्चाही होते. पहिल्या काही महिन्यांत मुलगा ‘मला काही सुचत नाही’ म्हणून फोन करेल. त्याला परत बोलावण्याची घाई करू नका. रोज वर्गात एक प्रश्न विचारायचा, एवढंच त्याला सांगा. सगळ्यांसमोर ‘हे वाक्य मला समजलं नाही’ म्हणणं हासुद्धा चर्चेतला सहभाग आहे, आणि चांगल्या वर्गात त्याची किंमत मोठी असते.

ट्यूटरला सगळेच विषय येतात का?

यायला हवेत, अशी कॉलेजची अपेक्षा आहे. इथे विभाग नाहीत. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस पुढच्या वर्षी यूक्लिड किंवा प्रयोगशाळेचा वर्ग घेतो. विषयतज्ज्ञाची खोली यात थोडी हरवते, हे मान्य करायला हवं. त्याच्या बदल्यात मुलांना एक दुर्मीळ गोष्ट दिसते: वयाने मोठा, शिकलेला माणूस आपल्या विषयाबाहेर जाऊन खरोखर शिकतोय.

परीक्षा आणि ग्रेड कशा असतात?

ग्रेड नोंदवल्या जातात. पुढच्या शिक्षणासाठी ट्रान्सक्रिप्टवर त्या लागतातच. पण ग्रेडभोवती धावपळ होऊ नये असा कॉलेजचा प्रयत्न असतो. त्यापेक्षा मुलांना जास्त लक्षात राहतं ते ‘डॉन रॅग’. विद्यार्थ्याला शिकवणारे सगळे ट्यूटर एकत्र बसतात, विद्यार्थी समोर बसतो आणि ते त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलतात. गणितात नेटका आहे, सेमिनारमध्ये दुसऱ्याचं पुरतं ऐकत नाही, निबंधात दावा मोठा आणि पुरावा तोकडा, अशा थाटाचं. शेवटी विद्यार्थ्याला बोलायची संधी मिळते. ऐकायला कठीण, पण चार वर्षांत आपल्याला कोण कसं ओळखतं हे इतकं स्पष्ट कळणं कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो का?

हो. विषय विद्यार्थ्याने निवडायचा, एका ट्यूटरच्या मार्गदर्शनाखाली लिहायचा आणि ट्यूटरांच्या समितीसमोर तोंडी उत्तरं देऊन तो सांभाळायचा. चार वर्षांत स्वतःच्या निवडीला सगळ्यात मोठा वाव मिळतो तो इथे. प्रबंध स्वीकारला गेल्याशिवाय पदवी नाही.

आम्ही हिंदू आहोत. मुलीला प्रवेश मिळेल का? धर्मांतराचा दबाव येईल का?

प्रवेशासाठी कॅथलिक असण्याची अट नाही आणि मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, जाण्याची सक्तीही नाही. पण बहुतांश विद्यार्थी श्रद्धाळू कॅथलिक असतात, चॅपलमध्ये रोज मिस्सा होते आणि दिवसाचं वेळापत्रक तिच्याभोवती फिरतं. कॅथलिक ट्यूटर श्रद्धेची जाहीर कबुली देतात. थिऑलॉजीचा चार वर्षांचा अभ्यास कुणालाच टळत नाही, आणि हा विषय तुलनात्मक धर्माभ्यास म्हणून शिकवला जात नाही. चर्चची शिकवण खरी आहे, हे धरूनच वर्ग चालतो. वर्गात शंका घ्यायला, विरोध करायला मोकळीक असते, ती हवीच असते. तरी चार वर्षं आपण अल्पसंख्य असणार आणि श्रद्धेच्या मुळाशी जाणारे प्रश्न रोज समोर येणार, याची मुलीने मनाशी तयारी करावी. ज्या घरात धर्माबद्दल मोकळेपणी बोललं जातं, तिथल्या मुलांना हे कमी जड जातं. ‘धर्म सोडून बाकीचं शिक्षण घेऊ’ असा विचार असेल तर हे कॉलेज निवडू नका. इथे ते वेगळं काढता येत नाही.

हे धर्मगुरू तयार करणारं कॉलेज आहे का?

नाही. हे सेमिनरी नाही. काही पदवीधर पुढे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होतात, बाकीचे संसारी माणसांसारखे नोकरीधंद्याला लागतात. कॉलेजची स्थापनाही प्रापंचिक माणसांनीच केली.

ते स्थापन का झालं?

१९६७ साली विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्स इथे अमेरिकेतल्या मोठ्या कॅथलिक विद्यापीठांच्या धुरीणांनी एक निवेदन काढलं. विद्यापीठाला बाहेरच्या कोणत्याही अधिकारापासून, धर्माधिकाऱ्यांपासूनही, स्वायत्तता हवी, असा त्याचा रोख होता. त्या काळात अनेक कॅथलिक कॉलेजांनी समान अभ्यासक्रम सैल केले आणि ऐच्छिक विषय वाढवले. कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजात शिकवलेल्या काही शिक्षकांना हे पटलं नाही. रोनाल्ड मॅकआर्थर, मार्कस बर्क्विस्ट ही त्यांतली नावं. त्यांनी १९६९ मध्ये नव्या कॉलेजचा आराखडा लिहिला आणि १९७१ मध्ये कॅलाबासस इथे भाड्याच्या जागेत वर्ग सुरू केले. मॅकआर्थर पहिले अध्यक्ष झाले. १९७८ मध्ये कॉलेज सांता पॉलाजवळच्या आजच्या जागी आलं. मूळ ग्रंथ आणि चर्चा ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही. ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात ती १९३७ पासून चालू होती. या मंडळींनी तिला थिऑलॉजीचं शिखर दिलं.

अभ्यासक्रमात भारताचं काही आहे का?

नाही. सगळा अभ्यासक्रम पाश्चात्त्य आणि ख्रिस्ती परंपरेचा आहे. उपनिषदं नाहीत, बुद्ध नाही, ज्ञानेश्वर तर नाहीतच. एका परंपरेत खोलवर जायचं हा त्यांचा निर्णय आहे आणि तो ते लपवत नाहीत. मला ही उणीव वाटते. ती भरून काढण्याचं काम विद्यार्थ्याचं स्वतःचं. वसई-गोव्याच्या मुलांनी तर एक गोष्ट जरूर बरोबर न्यावी: फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत, ओवी छंदात रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. त्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. इंग्रज कवी मिल्टनचं बायबलवरचं महाकाव्य त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी आलं. मराठी कॅथलिक घरातलं मूल या वर्गात रिकाम्या हाताने जात नाही, हे त्याला घरातून कळायला हवं.

डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं असेल तर?

इंजिनिअरिंगच पक्कं असेल तर सरळ इंजिनिअरिंगला जा. वैद्यकशाखेचा रस्ता बंद नाही, पण लांब आहे. अमेरिकेतली मेडिकल स्कूल्स साधारणपणे जीवशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्रासह रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र प्रयोगांसह मागतात. इथली प्रयोगशाळा त्या साच्यातली नाही, त्यामुळे हे विषय उन्हाळ्यात किंवा पदवीनंतर दुसरीकडे करावे लागतात. त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरून चाला. कायद्याची वाट सोपी आहे. तिथे ठरावीक पदवीपूर्व विषय मागत नाहीत, आणि अवघड मजकूर बारकाईने वाचून युक्तिवाद मांडण्याचा सराव तर चार वर्षं झालेलाच असतो. अध्यापन, पत्रकारिता, तत्त्वज्ञानातलं पुढचं शिक्षण याही सरळ वाटा आहेत.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला नोकरीचं काय?

भारतातून येणाऱ्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं. पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या काम-परवानगीखाली साधारण १२ महिने काम करता येतं आणि ते काम पदवीच्या विषयाशी संबंधित असावं लागतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना जी २४ महिन्यांची वाढ मिळते, ती लिबरल आर्ट्सच्या पदवीला मिळत नाही. चार वर्षं गणित आणि विज्ञान शिकलेलं असूनही नाही. म्हणजे अमेरिकेत राहून नोकरीतून शिक्षणाचं कर्ज फेडू, असं गणित मांडून या पदवीसाठी घर गहाण टाकू नका. हा नियम अमेरिकन नागरिक असलेल्या मराठी मुलांना अर्थातच लागू नाही.

खर्च झेपेल का?

शुल्क दरवर्षी बदलतं, म्हणून आकडा कॉलेजकडूनच घ्या. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. कॉलेजची मदत कुटुंबाच्या गरजेवर ठरते. गुणांवर शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यामुळे ९५ टक्क्यांच्या जोरावर सवलत मागण्यात अर्थ नाही. मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना बहुधा कॅम्पसवर काम करावं लागतं: स्वयंपाकघर, ग्रंथालय, बाग, साफसफाई. अमेरिकन सरकारची विद्यार्थी कर्जं परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज स्वतःकडून किती देऊ शकेल, हे अर्ज करतानाच लेखी विचारा.

वसतिगृहाचे नियम फार कडक आहेत का?

आजच्या अमेरिकन कॉलेजांच्या मानाने कडक. मुलामुलींची वसतिगृहं वेगळी आणि एकमेकांच्या वसतिगृहात प्रवेश नाही. तिथे दारूला बंदी. वर्गात आणि चॅपलमध्ये मुलांनी कॉलरचा शर्ट आणि पँट, मुलींनी स्कर्ट किंवा ड्रेस. मराठी आईवडील हे वाचून सुखावतात. पण नियम मुलाला पाळायचे आहेत, तेव्हा त्यालाच आधी वाचायला द्या.

सांता पॉला घ्यावं की नॉर्थफील्ड?

कॉलेजचा दुसरा कॅम्पस मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्ड इथे २०१९ मध्ये सुरू झाला, ड्वाइट मूडी या प्रसिद्ध प्रोटेस्टंट प्रवचनकाराने उभारलेल्या जुन्या शाळेच्या आवारात. अभ्यासक्रम आणि पदवी दोन्हीकडे एकच. फरक हवेचा: तिकडे बर्फ, इकडे वणवे. डिसेंबर २०१७ मध्ये पेटलेल्या ‘थॉमस फायर’ला ते नाव मिळालं कारण तो याच कॉलेजच्या जवळ सुरू झाला. विद्यार्थ्यांना रातोरात हलवावं लागलं. इमारती वाचल्या.

सगळीच छोटी कॅथलिक कॉलेजं अशी असतात का?

मुळीच नाही. व्हर्जिनियातल्या क्रिस्टेंडम कॉलेजात समान अभ्यासक्रम मोठा आहे, पण नंतर मेजर निवडता येतं. वायोमिंग कॅथलिक कॉलेजात पहिल्या वर्षाची सुरुवात २१ दिवसांच्या डोंगरभटकंतीने होते आणि घोडेस्वारी शिकणं हीसुद्धा तिथली अट आहे. तीन-चार ठिकाणच्या अटी शेजारी ठेवून वाचा.

प्रवेशासाठी काय लागतं?

शाळेच्या गुणपत्रिका, एसएटी, एसीटी किंवा सीएलटी या अमेरिकन प्रवेशपरीक्षांपैकी एक, शिफारसपत्रं आणि निबंध. भारतातून येणाऱ्यांना इंग्रजीचा पुरावाही द्यावा लागू शकतो. निबंधांना खरंच वजन असतं. ते दुसऱ्याकडून लिहून घेतले तर पहिल्याच आठवड्यात वर्गात उघड होईल. अमेरिकेत असाल तर अकरावी संपलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात दोन आठवड्यांचा कार्यक्रम असतो, त्याला मुलाला जरूर पाठवा. तिथे यूक्लिडचं प्रमेय फळ्यावर मांडताना त्याला मजा येते की नाही, यावरून निम्मा निर्णय होतो.

भारतात परतल्यावर ही पदवी चालते का?

कॉलेज अमेरिकेत अधिकृत मान्यताप्राप्त आहे आणि पदवी चार वर्षांची आहे. भारतात एम. ए. किंवा सरकारी नोकरीसाठी समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. अनेक वर्षं ते एआययू (भारतीय विद्यापीठांचा संघ) देत असे. २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेबद्दल यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नवे नियम काढले, ते पाहूनच अर्ज करा. पदवीवर नुसतं ‘लिबरल आर्ट्स’ असल्यामुळे एम. ए.ला कोणत्या विषयात पात्र धरायचं, हा प्रश्न विद्यापीठाच्या खिडकीवर नक्की येणार. त्यासाठी चारही वर्षांच्या विषयांचा आणि तासांचा तपशील कॉलेजच्या सहीशिक्क्यानिशी पदवीबरोबरच मागून घ्या. इथे बसून तो मागवायला फार वेळ जातो.